हिरव्या पट्ट्याची रेघ

माझ्यासमोर उभं राहून लोक तासन्‌तास बोलतात, पण माझ्याशी कुणी बोलत नाही. बोट माझ्यावर आणि डोळा जमिनीवर, अशी त्यांची रीत. म्हणून आज मीच तोंड उघडतोय. मी एक नकाशा आहे. चार हात रुंद, तीन हात उंच, जाड कागदाचा, मागून कापड चिकटवलेला. एक शहर, त्याच्या भोवतालची बारा गावं, मधून जाणारा ओढा, आणि शहर नि गावं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून राखलेला शेतजमिनीचा हिरवा पट्टा, एवढं सगळं माझ्या अंगावर आहे.

आधीच सांगून ठेवतो, मी संशयी आहे. कुणी गोड बोलायला लागलं की माझ्या कडा आपोआप गुंडाळायला लागतात. जन्मतः मी असा नव्हतो. पण असा व्हायला मला फार दिवस लागले नाहीत.

माझा जन्म नगररचना कार्यालयाच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या तिरप्या टेबलावर झाला. मला काढलं ते एका आरेखकानं. त्यांना सगळे भिंगकाका म्हणायचे. त्यांचं भिंग कायम कपाळावर चढवलेलं असायचं. ते भिंग शोधत असायचे तेव्हासुद्धा. आणि मी कसा असावा हे ठरवलं ते नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुण नियोजनकार बाईंनी. ऑफिसात त्यांना 'नवीन बाई' असं नाव पडलं. पुढं त्यांचे केस पिकले, त्यांच्यानंतर तीस जण भरती झाले, तरी त्या नवीन बाईच राहिल्या.

शहर तेव्हा सांडलेल्या तेलासारखं पसरत होतं. नवीन बाईंचं म्हणणं साधं होतं. एकाच गावानं शेती राखून भागत नाही. शेजारच्यानं विकली की मधलं शेत एकटं पडतं. पाण्याची वाट तुटते, ट्रॅक्टर न्यायला रस्ता उरत नाही आणि नव्या घरांतले लोक खताच्या वासाची तक्रार करतात. म्हणून राखायचं तर बारा गावांचं मिळून, एकसलग. त्यासाठी त्या दोघांनी दोन वर्षं शेतं तुडवली. मी तेव्हा कच्चा होतो, एका फळीवर चापात अडकवलेला. भिंगकाका मला काखेत मारून चालायचे, त्यामुळं त्यांच्या घामाचा एक डाग माझ्या वरच्या कोपऱ्यात अजून आहे. नवख्या माणसाला तो तलाव वाटतो.

ओढ्याकाठच्या एका गावात आम्हाला अक्का भेटली. वय तिशीच्या आत, पण भावंडांत थोरली म्हणून सगळा गाव तिला अक्काच म्हणायचा. वडिलांमागं जमिनीचे दोन वाटे झाले होते, एक तिचा, एक तिच्या धाकट्या भावाचा. दोन्ही वाटे तीच कसत होती. कोबी, कांदे, पालक, मुळे. धाकट्याचा जीव शेतात नव्हता. त्याला शहरात हार्डवेअरचं दुकान टाकायचं होतं.

अक्कानं आम्हाला फाटकातच अडवलं. खुरपं हातात तसंच होतं.

"कुणासाठी मोजताय?"

नवीन बाईंनी समजावून सांगितलं की तुमची जमीन राखण्यासाठी हा नकाशा आहे.

"माझी जमीन मी राखते," अक्का म्हणाली. "तुम्ही कशाला?"

नवीन बाईंनी मोजायची फीत गुंडाळून पिशवीत टाकली. त्या भांडल्या नाहीत म्हणूनच बहुधा अक्कानं फाटक उघडलं. मग भिंगकाकांनी वाकून मातीचं एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी कुस्करून पाहिलं. ते पाहून मात्र अक्काची जीभ सुटली. ओढ्याकाठची काळी बघा, उन्हाळ्यातही हातभर खाली ओल धरून असते. मधली तांबूस, तिला खत घातलं तर ती ऐकते. वरची रस्त्याकडची मुरमाड, तिच्यात कितीही जीव ओता, मुळासुद्धा धड येत नाही. तासभर ती दाखवत होती आणि भिंगकाका माझ्यावर पेन्सिलीनं खुणा करत होते.

नियमाप्रमाणं शेतीचा हिरवा एकच. भिंगकाकांनी मात्र तीन घोटले. काळीला गडद, तांबडीला मध्यम, मुरमाडीला पोपटी. साहेबांनी कुरकुर केली. भिंगकाका म्हणाले की शाई सारखी उतरली नाही, आणि तसंच सोडून दिलं. मी मंजूर झालो, माझ्यावर शिक्के बसले, आणि ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर मला टांगलं. माझ्या हिरव्या पट्ट्यात घरं बांधायला बंदी आली.

तिथंच माझा स्वभाव बिघडला.

बारा वर्षं मी त्या भिंतीवर काढली. माझ्यासमोर येणारी बोटं मी वाचायला शिकलो. शेतकऱ्याचं बोट एका जागी टेकलं की तिथंच राहतं. दलालाचं बोट थांबत नाही, रस्त्यावरून सुटतं, वळतं, हिरव्याच्या कडेकडेनं फिरतं आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारतं, "ही रेघ पक्की आहे का हो?" एक गृहस्थ दर महिन्याला यायचे. त्यांना म्हणे नकाशांची आवड. मला ते असे पाहायचे, जसं भुकेल्यानं दुसऱ्याच्या ताटाकडं पाहावं. तेव्हापासून कौतुक कानावर आलं की मी आधी हेतू शोधतो.

पहिल्याच आठवड्यात अक्काचा धाकटा आला होता. त्यानं आपला वाटा शोधला, आणि तो गडद हिरव्यात सापडला. त्यानं दुकानासाठी जागा पाहून ठेवली होती. शेत विकून ती घ्यायची होती. आता घरं बांधायला म्हणून ते शेत कुणी घेणार नव्हतं.

"शहराला मोकळी हवा पाहिजे, तर ती माझ्याच जमिनीवर का?" त्यानं नवीन बाईंना विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "मला कुणी विचारलं?"

त्याला कुणी विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. आपल्या मातीचे गुण अक्कानंच सांगितले, त्यामुळं आपला वाटा अडकला, हे त्याला कळलं तेव्हा बहीणभावाचं बोलणं बंद झालं. त्यानं पुढं भाड्याच्या गाळ्यात दुकान थाटलं. अक्का दोन्ही वाटे कसत राहिली. त्याच्या वाट्याचा माल ती शेजाऱ्याच्या हातून पाठवायची. स्वतः कधी गेली नाही. मी मात्र त्या दिवसापासून धाकट्याच्या नावावर फुली मारून ठेवली. हा माणूस एक ना एक दिवस माझ्या वाईटावर येणार.

मग कॉम्प्युटर आले. मला उतरवून एका यंत्राखालून सरकवलं, आणि माझी नक्कल त्या काचेच्या डबीत शिरली. मला गुंडाळून रेकॉर्ड रूममध्ये नेलं, तिथल्या मामांच्या ताब्यात. मामांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, पण कोणती किल्ली कोणत्या कपाटाची हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. प्रत्येक कुलपाशी ते सगळ्या किल्ल्या लावून पाहत. तिथं मी एकोणीस वर्षं पडून होतो. माझ्यात कसर नाही असं भिंगकाका अभिमानानं म्हणायचे. आता ती माझ्या डाव्या कडेला राहायला आली आणि तिनं एक अख्खं गाव कुरतडलं. भिंगकाका गेल्याची बातमी मला मामांच्या फोनवरच्या बोलण्यातून कळली.

आणि एके दिवशी दुपारी धाकटा आला.

केस पांढरे झाले होते, पण चेहरा मी विसरलो नव्हतो. जुना नकाशा बघायचाय, म्हणाला. कशाला, विचारलं तर म्हणाला, असंच. असंच! मामांनी सातव्या किल्लीनं कपाट उघडलं. धाकट्यानं मला टेबलावर पसरलं आणि मी गुंडाळू नये म्हणून खिशातून दुकानातली चार नवी कोरी कुलपं काढून माझ्या चार कोपऱ्यांवर ठेवली. तयारीनं आला होता तर. मग त्यानं पारदर्शक कागद काढला, माझ्यावर अंथरला आणि ओढ्याकाठची रेघ बारीक पेन्सिलीनं गिरवू लागला. फोटो काढले. माझी खात्रीच पटली. हा मला बदलणार, फाडणार, नाहीतर पळवणार. माझ्याजवळ हत्यार एकच होतं. मी सगळा जोर लावून एक कोपरा गुंडाळला आणि कुलूप त्याच्या पायावर पडलं. तो कळवळला, वाकून त्यानं कुलूप उचललं, आणि पुन्हा तिथंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आली. भाऊ इथं येऊन गेल्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं मला उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि डोळे बारीक करून पाहू लागली.

"पुसलंय का बघते," ती मामांना म्हणाली.

काही पुसलं नव्हतं. पण ऑफिसानं आता माझ्या जागी शहराची नवी योजना तयार केली होती, तिचा छापील कागद अक्काच्या पिशवीत होता, आणि तो तिनं माझ्याशेजारी ठेवला तेव्हा माझ्या कापडाला घाम फुटला. त्या कागदावर हिरवा एकच होता, आणि ओढ्याकाठी, बरोबर धाकट्याच्या वाट्याएवढा तुकडा पिवळा झाला होता. पिवळा म्हणजे घरं. जिथं माझ्या अंगावर सगळ्यात गडद हिरवा आहे, तिथं.

अक्कानं जुळवाजुळव केली, आणि मीही तशीच केली. नवा कागद त्यानं बदलून घेतला. आता जुना पुरावा नाहीसा करायला आला होता. "याला कुलपात ठेवा," जाताना ती मामांना म्हणाली. "आणि त्याला पुन्हा आत घेऊ नका."

आठवडाभरानं सुनावणी होती. नव्या योजनेवर लोकांच्या हरकती ऐकायला बाहेरून एक अधिकारी आले होते. प्रत्येक वाक्यानंतर ते चष्मा पुसायचे, त्यामुळं बोलणाऱ्याला वाटे की आपलं बोलणं अंधुक आहे. अक्कानं अर्ज देऊन मला सभागृहात मागवून घेतलं होतं. मला फळ्यावर टाचलं.

अक्का उभी राहिली. तीस वर्षांचा राग तिनं एका पानात लिहून आणला होता. माझ्या भावानं स्वतःच्या फायद्यासाठी रेघ हलवून घेतली, जुना नकाशा बघा, असं ती म्हणाली आणि भावाकडं न पाहता खाली बसली.

मग धाकटा उठला. त्याच्या हातात तोच पारदर्शक कागद होता. त्यानं सांगितलं की दुकानामागच्या शेडच्या परवानगीसाठी तो ऑफिसात गेला होता. नव्या योजनेची सूचना दाराच्या आतल्या बाजूला डकवलेली होती, आणि ते दार दिवसभर भिंतीला टेकून उघडं असतं. त्या दिवशी वाऱ्यानं ते मिटलं, म्हणून त्याला सूचना दिसली. आपला वाटा पिवळा झालेला पाहिला. कुणी केला, त्याला माहीत नव्हतं. म्हणून तो जुन्या रेघेची नक्कल घ्यायला गेला होता.

"मला विकायचीच होती," तो म्हणाला. "आजही विकायची आहे. पण अशी नाही. तीस वर्षं लोक मला जमीन विकणारा म्हणतात, ते मी ऐकून घेतो. चोर म्हणून घेणार नाही. माझी हरकत माझ्याच फायद्याविरुद्ध आहे. तेवढी लिहून घ्या."

मी शरमलो. ज्याच्या पायावर मी कुलूप टाकलं, तो मला वाचवायला आला होता.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं की मग हा बदल कुणी सुचवला. त्यांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याकडं पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. साहेब कागद चाळू लागले. तेव्हा कडेच्या खुर्चीवरून नवीन बाई उठल्या.

"मी," त्या म्हणाल्या.

त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती. वरून चाळीस ठिकाणी पट्टा सोडा असा दबाव होता, असं त्यांनी सांगितलं. वर्षभर भांडून त्यांनी सदतीस जागा वाचवल्या. तीन द्याव्या लागल्या. ही तिसरी. इथला मालक विकायला तयारच आहे, आरडाओरडा होणार नाही, म्हणून ही निवडली.

"तुमच्या कॉम्प्युटरात हिरवा एकच आहे," अधिकारी म्हणाले. "तुम्हाला तिथली माती माहीत नसेल."

"कॉम्प्युटरात एकच आहे," नवीन बाई म्हणाल्या. "मला तीन आठवत होते."

मी आयुष्यभर बोटांवर पाळत ठेवली. दलालांच्या, साहेबांच्या, धाकट्याच्या. या एका बोटाकडं मी कधी डोळा वर करून पाहिलं नव्हतं. त्यांनीच मला घडवलं होतं.

अक्का बसल्या जागेवरून बोलली. "तुम्ही मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणूनच विचारायचं होतं."

अधिकाऱ्यांनी अर्ध्या तासाची सुट्टी दिली. मामांनी मला गुंडाळून बाहेरच्या बोळात, पाण्याच्या पिंपाशेजारी उभं केलं. थोड्या वेळानं तिथं धाकटा पाणी प्यायला आला, आणि त्याच्यामागून अक्का. दोघंही पिंपाकडं पाहत राहिले. तीस वर्षांनी बोलायला सुरुवात कुठून करायची, हे पिंपाला विचारल्यासारखं.

"दुकान बरं चाललंय?" अक्कानं विचारलं.

"चाललंय."

मग ती एकदम कामाचं बोलली. "रस्त्याकडचं मुरमाड माझ्या वाट्याचं. ते तू घे. खालचं काळं मला दे. तिथं घरं बांधायला परवानगी माग, मी आडवी येणार नाही."

मुरमाडही हिरव्या पट्ट्यातच होतं, आणि पट्ट्याचा एक कण सुटू नये म्हणून हीच बाई आतमध्ये आता भांडून आली होती.

"तिथं घरं झाली की तुझ्या खताच्या वासाची तक्रार येईल," तो म्हणाला.

"येऊ दे. शेत आधी आलं, नाकं मागून आली."

तो हसला. हसताना त्याचा घोट चुकला आणि ठसका लागला, आणि अक्कानं त्याच्या पाठीवर थापा मारल्या, जरा जोरातच. तीस वर्षांचा हिशेब त्या थापांतच चुकता झाला असावा.

सुट्टी संपली, मला परत फळ्यावर टाचलं, आणि बहीणभावांनी ही अदलाबदल अधिकाऱ्यांपुढं मांडली. त्यांनी माझ्यावर वाकून तिन्ही हिरवे नीट पाहिले. मुरमाड रस्त्याला आणि शहराला लागून होतं, ते सोडल्यानं पट्टा तुटत नव्हता. काळी मात्र ओढ्याचा कणा होती. त्यांनी अदलाबदल मान्य केली, पण एक अट घातली. काळी जमीन कायमची शेतीच राहील, मालक कुणीही असो, आणि तसं नोंदवून सही द्यायची.

अक्कानं पेन घेतलं आणि थांबली. "म्हणजे मलाही विकता येणार नाही."

"नाही."

"उद्या माझे हातपाय चालेनासे झाले तरी?"

"तरी नाही. कसायला दुसऱ्याला देता येईल."

तिच्या जमिनीला तिच्याशिवाय दुसरं कुणी बांधू नये, म्हणून तिनं कधीकाळी फाटक अडवलं होतं. आता ती स्वतःलाच बांधून घेत होती. ती इतका वेळ विचार करत राहिली, की अधिकाऱ्यांनी चष्मा दोनदा पुसला. मला भीती वाटली, ही उठून जाईल. मग तिनं सही केली. अक्षर मोठं, प्रत्येक अक्षर सुटं सुटं.

माझ्यावरची नवी रेघ नवीन बाईंनी स्वतः ओढली. पट्टी लावली नाही, त्यामुळं ती जरा वाकडी आहे. रेघेशेजारी त्यांनी आपलं पूर्ण नाव आणि तारीख लिहिली. असं कुणी लिहीत नाही. रेघा नेहमी आपोआपच हलल्यासारख्या हलतात. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाला ऑफिसातले पाच-सहाच जण होते, पण अक्का आली होती. तिनं पालकाची एक जुडी बाईंच्या हातात दिली आणि लगेच निघून गेली. तिनं त्यांना माफ केलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. तिलाही आलं नसावं.

मी आता ऑफिसात नाही. अक्कानं अर्जावर अर्ज करून मला गावात आणवलं. जिथं भाजी निवडून क्रेटमध्ये भरतात, त्या शेडच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. अंगाला कोबीचा वास येतो, कडेवर चिखलाचे ठसे उमटलेत. वरच्या मुरमाडावर एकोणीस घरं झाली, आणि खताच्या वासाची पहिली तक्रारही आली. धाकटा दर रविवारी येतो. बहीणभाऊ अजूनही फार गोड बोलत नाहीत. गोड बोलत नाहीत म्हणून मला त्यांचा भरवसा वाटतो.

माझा संशय मात्र गेलेला नाही. परवाच एक तरुण माणूस उडतं यंत्र घेऊन आला होता, निसर्गाचे फोटो काढतो म्हणाला. असेलही तसं. मी धाकट्याच्या बाबतीत चुकलो, बाईंच्या बाबतीत चुकलो, म्हणजे माझ्या संशयात खोट होती ती दिशेची. डोळे उघडे ठेवण्यात खोट नव्हती.

माझं वय झालंय. घड्या विरत चालल्या आहेत, कुरतडलेलं गाव परत येणार नाही. तेव्हा जाण्याआधी एकच सांगतो. तुमच्या गावाचाही असाच एक नकाशा कुठल्यातरी कपाटात पडला असेल. तुमच्या भाजीची माती, तुमच्या ओढ्याची वाट, तुमच्या खिडकीतून दिसणारं मोकळं रान त्याच्यावर असेल. एकदा जा आणि तो मागा. कुणीतरी मान वर करून विचारेल, कशाला हवाय? तेव्हा कारणं देत बसू नका. आमचा आहे, एवढंच सांगा.